दिवा एक पाऊल मागे

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळसुद्धा नाही — आणि तिच्यापासून मी काय लपवलं? सगळं सांगितलं. पण हे एक घशाशी यायचं आणि परत खाली जायचं. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचा झालो. डोळ्यांची दोन ऑपरेशनं झाली, हात थरथरतो, कॅमेरा धरायचे दिवस केव्हाच संपले. पेन अजून धरता येतंय, तोवर लिहून टाकतो. तुम्ही मला ओळखत नाही हे एका परीने बरंच आहे. ओळखीचं माणूस समोर असलं की मी कच खातो — ते तुम्हाला पुढे दिसेलच.

पण आधी मला थोडी बढाई मारू द्या. स्वभाव आहे माझा, मरेपर्यंत जायचा नाही.

आमच्या एका सिनेमाचा पहिला सीन — पहिली चार मिनिटं — लोक अजून विसरलेले नाहीत. सिनेमा विसरले. नायक विसरले, गाणी तर विसरावीत अशीच होती. खून कुणी केला हे आता मलाही नीट आठवत नाही, खरं सांगतो! पण ती चार मिनिटं? सिनेमा शिकवणाऱ्या शाळांमध्ये ती मुलांना दाखवतात. तरुण कॅमेरामन पोरं माझ्या पाया पडतात. वाकून नमस्कार करतात आणि हळूच माझा उजवा तळहात बघतात, कारण त्या हातावरच्या डागाची गोष्ट त्यांनी ऐकलेली असते.

काय होतं त्या सीनमध्ये? काहीच नव्हतं — तीच तर गंमत! पडदा काळा. मग अगदी खाली, जमिनीलगत, एक मिणमिणता उजेड. कॅमेरा घोट्याच्या उंचीवर. ओल्या फरशीवरून दोन अनवाणी पावलं आपल्याकडे चालत येताहेत आणि कॅमेरा त्यांच्यापुढे मागे-मागे सरकतोय. माणूस दिसत नाही. पुरुष की बाई, तेही कळत नाही. घराच्या तीन खोल्या एकामागे एक, तीन उंबरे. सगळ्यांत आतल्या खोलीत कुणी मुलगी केस विंचरतेय. ती दिसत नाही, फक्त कंगव्याचा आवाज. पहिल्या उंबऱ्यावर पावलं थांबतात. आतून मुलगी विचारते, "आ गए?" उत्तर नाही. पावलं पुन्हा चालू लागतात. दुसऱ्या उंबऱ्यावर ती विचारते, "कौन?" उत्तर नाही. तिसऱ्या उंबऱ्यावर ती काहीच विचारत नाही. कंगवा थांबतो. आणि सावली — पावलांच्या पुढे पडलेली ती लांब सावली — उंबरा ओलांडून आत शिरते आणि मुलीच्या टाचेवर चढते. उजेड विझतो. सिनेमाचं नाव येतं.

बस्स. सुरा नाही, किंकाळी नाही, दणादणा वाजणारं संगीत नाही.

आता यात खरी कारागिरी कुठे आहे, सांगू? दिवा कुठे आहे त्यात. साध्या माणसाने काय केलं असतं? दिवा पुढे धरला असता, नाही तर वर टांगला असता. पुढे धरला तर चेहरा दिसतो. चेहरा दिसला की भीती गेली, मग तो फक्त एक माणूस. आमच्या सीनमध्ये दिवा त्या पावलांच्या मागे होता. बरोब्बर एक पाऊल मागे, आणि गुडघ्याच्याही खाली. त्यामुळे चालणाऱ्याचं पुढचं पाऊल नेहमी त्याच्याच सावलीत पडतं. आधी सावली उंबरा ओलांडते, मग पाऊल. बघणाऱ्याला दर वेळी कळतं की आता पाऊल पडणार, पण कुठे ते कळत नाही. चार मिनिटं माणूस खुर्चीच्या कडेवर. आणि तो उजेड मधूनमधून लालसर का थरथरतो? तर दिव्यापुढे तळहात आडवा धरलेला आहे म्हणून. बोटांच्या फटींतून उजेड झिरपतो, तो हाताचं रक्त घेऊन येतो.

हे सगळं मी इतकं ठासून सांगू शकतो, याचं कारण मी ते हजार वेळा सांगितलंय. व्यासपीठांवर, वर्तमानपत्रवाल्यांना, लग्नांच्या पंगतीत. सांगताना माझा आवाज असा काही लागायचा! आणि मग लोक हमखास विचारायचे — हे सुचलं कसं तुम्हाला?

थांबा. येतो तिथे. पण आधी तो दिवस तर ऐका. केवढा दिवस होता!

मी तेव्हा मुंबईत कॅमेऱ्याचा मदतनीस होतो. युनिटमध्ये मला कुणी नावाने हाक मारत नसे, "ए झांसीवाले" म्हणत. आमचे उस्ताद — मुख्य कॅमेरामन — कडक माणूस, पण मनाने राजा. दिग्दर्शकसाहेबांना पहिल्या सीनला वीज, वादळ, पळती माणसं आणि मांजर हवं होतं. मांजर आणलंही होतं. ते दिव्यांच्या उष्णतेने बिथरलं आणि साहेबांना ओरबाडून पळालं. साहेब बोटाला फडकं गुंडाळून बसलेले, सगळं काम ठप्प. आणि मी — मदतनीस! — पुढे होऊन म्हणालो, साहेब, एक बात कहूँ?

भर दुपारी, सेट ज्या गोदामात लावला होता त्याच्या खिडक्यांना काळं कापड ठोकून आम्ही रात्र केली. कॅमेरा इतका खाली न्यायला गाडी नव्हती. मग एक जाडजूड रजई आणली, तिच्यावर उस्ताद कॅमेऱ्यासकट पालथे झोपले, आणि दोघांनी ती रजई फरशीवरून मागे ओढली. उस्तादांचं पोट केवढं — ओढणारे घामाघूम! मी मागे, चालणाऱ्या माणसाच्या घोट्याशी उकिडवा, हातात पत्र्याच्या नळकांड्यात बसवलेला बल्ब, त्याच्यापुढे माझा तळहात; माझं कोपर लागलं की त्याने पाऊल उचलायचं. बल्ब तापत गेला. तिसऱ्या उंबऱ्याशी पोचेपर्यंत हाताची कातडी चरचरली. पण सोडला नाही! सीन संपला. दिग्दर्शकसाहेबांनी उठून मला मिठी मारली. म्हणाले, अजून एकदा घेऊ या का? मी म्हणालो, गरजच नाही साहेब, परफेक्ट आहे.

उस्तादांनी काय केलं ठाऊक आहे? ते म्हणू शकले असते की हे माझं. कॅमेरा त्यांच्या डोळ्याला होता, नाव त्यांचं लागणार होतं. पण त्यांनी सगळ्या युनिटसमोर माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "ये सीन मेरा नहीं है, इस झांसीवाले का है." पुढे वर्तमानपत्रवाल्यांनाही त्यांनी तेच सांगितलं. त्या एका वाक्यावर मी कॅमेरामन झालो.

मग साहेबांनी विचारलं — ये सूझा कहाँ से?

आणि मी म्हणालो, "बस, सूझ गया, साहब."

झालं. एवढंच. तीन शब्द आणि एक साहब. तुम्ही म्हणाल, यात काय मोठं? मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं.

सुचलं नव्हतं हो. मी ते पाहिलं होतं. आमच्या घरात, झाशीला, गौरींच्या दिवशी. आणि ते ज्या बाईने केलं होतं, ती माझी वहिनी.

सुमतीवहिनी मूळची टहरौलीची. तिथल्या शाळामास्तरांची मुलगी. आमच्यासारखंच झाशीकडचं जुनं मराठी घर, पण मराठी अर्धं बुंदेली होऊन गेलेलं. लग्न होऊन आली तेव्हा आई तिच्या बोलण्याला हसायची. आमचं घर लक्ष्मी तालाकडच्या एका गल्लीत, आगगाडीच्या डब्यासारखं — तीन खोल्या एकामागे एक, तीन उंबरे. गौरी आणायच्या त्या संध्याकाळी दारापासून आतपर्यंत हळदीकुंकवाची पावलं काढायची. मग गौरीचा मुखवटा सुपात घेऊन आई चालायची, आणि घरची सून दिवा धरायची. दर उंबऱ्यावर थांबायचं. आतून बायका विचारणार, कोण आलं? उत्तर द्यायचं, गौर आली. कशाच्या पावलांनी आली? सोन्याच्या पावलांनी. आमच्याकडे एक रीत अशी की मुखवट्यावर वस्त्र झाकलेलं असायचं. गौर जागेवर बसेपर्यंत तिचं तोंड कुणी बघायचं नाही.

लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी वहिनीच्या हातातला दिवा वाऱ्याने दोनदा विझला. आई म्हणजे काय तुम्हाला ठाऊक नाही — भरल्या घरात तिने सुनेला फैलावर घेतलं. घाबरून वहिनी आईच्या पदराआड गेली. दिवा खाली घेतला, वारा लागू नये म्हणून वर तळहात आडवा धरला, आणि तशीच मागून चालू लागली. आणि बायकांची कुजबुज एकदम बंद पडली. घरात चिडीचूप. त्यांना नुसती सावली येताना दिसत होती. शेजारची रामकली अम्मा, जिने साक्षात यमालाही शिव्या दिल्या असत्या अशी बाई, भिंतीला टेकून पुटपुटली, "हाय दैया, को आय?" — कोण आहे हे?

ही गोष्ट मी ऐकलेली. पण मी मुंबईहून सुट्टीवर आलो, तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. एव्हाना वहिनी ते घाबरून करत नव्हती, ठरवून करत होती. घरातले सगळे दिवे बंद करायला लावायची. मी आतल्या खोलीत, बायकांच्या मागे भिंतीला चिकटून उभा होतो. माझ्या अंगावर काटा आला, आणि गौर बसली, वस्त्र निघालं, वहिनीने दिवा खालून हळूहळू वर नेला आणि त्या पितळी डोळ्यांत उजेड आला — मी रडलो. खरंच रडलो. मुंबईत मोठमोठे दिवे उचलून माझे खांदे गेले होते, आणि इथे एका पितळी हातदिव्याने माझी ही गत केली.

दुसऱ्या दिवशी ती मागच्या पायरीवर बसून दिव्याची काजळी काढत होती. मी विचारलं, वहिनी, हे करता कसं? ती आधी लाजली. मग राख हातावर घेऊन तिने मला असं समजावलं — असं! — की पुढे एकाही उस्तादाने समजावलं नाही.

"भाऊजी, माणूस दिसला की भ्या संपलं. म्हणून दिवा एक पाऊल मागे. आणि उंबऱ्यावर थांबायचं. लोकांना वाटतं आता निघणार, तेव्हा निघायचं नाही. अजून एक श्वास मोजायचा. त्यांचा श्वास, आपला नाही."

त्यांचा श्वास, आपला नाही. मी मुंबईला जाईपर्यंत गाडीत ते घोकत होतो.

तर मग मी तिचं नाव का नाही घेतलं? विचारा ना, विचारा. मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. त्या बापे लोकांच्या घोळक्यात, सिगारेटच्या धुरात, "मेरी भाभी की पूजा" म्हणायची लाज वाटली, हे एक. दुसरं म्हणजे मी घाबरलो. गौरीची पावलं घेऊन मी ती खुन्याला दिली होती! आईला कळतं तर तिने मला घरात घेतलं नसतं. ही दोन्ही कारणं खरी आहेत. पण त्यांच्या खाली तिसरं आहे, आणि ते सगळ्यांत खरं: मला ते माझं हवं होतं. टाळ्यांचा आवाज कानात गेला होता आणि मला तो वाटून घ्यायचा नव्हता.

बरं, तीन शब्दांवर थांबलो असतो तरी एक वेळ ठीक. पण वर्तमानपत्रवाल्यांचं "बस, सूझ गया" ने पोट भरेना. त्यांना गोष्ट हवी. आणि गोष्ट सांगण्यात मी कसला हटतोय! मी एक चौकीदार जन्माला घातला. बरुआसागरच्या किल्ल्यातला म्हातारा, नाव रामदीन. पाय लंगडा, हातात कंदील, कंदील खाली धरून पुढे चालायचा आणि मी मागून त्याची सावली बघायचो वगैरे. हुबेहूब! सांगता सांगता त्याला खोकला लागला, मिशा फुटल्या. एका जिवंत बाईचं नाव घेण्याऐवजी मी एक नसलेला पुरुष उभा केला. आहे की नाही शहाणपण?

सिनेमा झाशीला लागला. तीनचा खेळ. अहो, काय गर्दी! गावातला पोरगा म्हणून लोकांनी मला दारापासून खांद्यावर घेतलं, हार घातले. बाल्कनीत आमची सगळी रांग — आई, दादा, वहिनी आणि मी. अंधार झाला. पडद्यावर जमिनीलगत तो मिणमिणता उजेड आला. हजार माणसं गप्प झाली — ज्या थिएटरात लोक नायिकेलाही बोलू देत नसत, तिथे! दुसऱ्या उंबऱ्यावर खालून एक बाई पडद्यावरच्या पोरीला ओरडून म्हणाली, "अरी मोड़ी, पाछें देख!" आणि उजेड विझला तेव्हा जो एकच हुंकार निघाला थिएटरभर, मग ज्या शिट्ट्या, ज्या टाळ्या, जी आरडाओरड — तो आवाज मला मरताना ऐकू आला तरी मी सुखाने मरेन. सांगतो तुम्हाला, मी जिंकलो होतो त्या दिवशी. आजही म्हणतो, जिंकलो होतो.

फक्त एक झालं. सीन चालू असताना मी पडद्याकडे बघत नव्हतो. मी वहिनीकडे बघत होतो.

तिचा उजवा हात वर आला होता. तळहात आडवा, बोटं जरा वाकलेली — वारा अडवावा तशी. तिला ते कळतही नव्हतं. ओठ हलत होते. ती श्वास मोजत होती.

खेळ सुटल्यावर बाहेर लोकांनी मला गराडा घातला. भैया, ये आइडिया आया कहाँ से? वहिनी दोन हात अंतरावर उभी होती, पाण्याची सुरई घेऊन. तिचा चेहरा — कसा सांगू — उजळलेला होता हो. खरोखर आनंदाने फुललेला. तिला वाटत होतं, आता भाऊजी माझ्याकडे बोट दाखवणार.

आणि मी तिच्या देखत रामदीन चौकीदाराची गोष्ट सांगितली. मिशांसकट.

ती ऐकून घेऊन एवढंच म्हणाली, "रामदीन? बरुआसागरचा?" मी म्हणालो, हो. ती म्हणाली, "बरं." आणि सुरईतलं पाणी तिने आईला प्यायला दिलं.

आता ऐका, पुढे काय झालं. आई पडली भाबडी. सूप घेऊन पुढे दर वर्षी तीच चालायची, त्यामुळे ती सावली आतून कशी दिसते हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. तिने दादाला सांगितलं, ज्या माणसामुळे आपल्या पोराचं नाव झालं त्याच्यासाठी काहीतरी पाठवलं पाहिजे. एक शाल आणली. आणि वहिनीला म्हणाली, सुमती, चौकीदारासाठी बेसनाचे लाडू कर. वहिनीने केले. दुपारभर चुलीपुढे बसून बेसन भाजलं. मी पडवीत बसून तो वास घेत होतो. तिला ठाऊक होतं की असा कुणी माणूस नाही. मला ठाऊक होतं की तिला ठाऊक आहे. तिने डबा भरला, वरून फडकं बांधलं, माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "सांभाळून न्या, भाऊजी. फुटतील."

मी खरंच बसने बरुआसागरला गेलो! दुसरं करणार काय? तलावाच्या काठावर बसलो आणि दोन लाडू खाल्ले. चवीला इतके सुरेख झाले होते की तिसरा घशाखाली जाईना. उरलेला डबा आणि शाल एका आलं विकणाऱ्या म्हाताऱ्याला दिली. त्याने विचारलं, किस खुशी में, भैया? मी परतीची बस गाठली.

त्या वर्षीच्या गौरींना मी मुद्दाम आलो. संध्याकाळ झाली, आईने सूप उचललं. वहिनीने दिवा घेतला — आणि पुढे गेली. दिवा डोक्याच्या उंचीवर धरलेला, घरातले सगळे बल्ब चालू. लख्ख. आईने विचारलं, आज दिवा वर का गं? ती म्हणाली, "पाय दिसायला हवेत, सासूबाई. ठेच लागते." रामकली अम्मा जाताना म्हणाली, "ई बेर मजा नईं आओ." वहिनी हसली. त्यानंतर एकाही वर्षी तिने दिवा खाली घेतला नाही. आई गेली, वहिनीची सून आली, नात झाली. दिवा वरच राहिला. तिच्याजवळचं ते सगळ्यांत सुंदर काम मी पळवलं आणि तिला ते हात लावायलाही नकोसं करून ठेवलं. याहून दुसरं मी काय केलं म्हणायचं?

आणि माझं मात्र झकास चाललं होतं. झाशीत माझा सत्कार झाला, तेव्हा एक वकील उभे राहून म्हणाले की मी स्वतः लहानपणी रामदीनला पाहिलंय, लंगडत चालायचा बिचारा. टाळ्या! मीही वाजवल्या. वहिनी पहिल्या रांगेत होती.

आता यंदाचं सांगतो. दर वर्षी जातो तसा यंदाही गौरींना झाशीला गेलो. दादाला आता ऐकू येत नाही, तो नुसता हसतो. वहिनी ऐंशीच्या पुढे, गुडघ्यांनी बसवलेली, खुर्चीत. तिची नात केतकी दिल्लीला सिनेमाचं शिकते. पोरीचं मराठी म्हणजे आनंद — समजतं सगळं, बोलताना गाडी हिंदीच्या रुळावर जाते. दुपारी चहा पिताना तिने फोनवर तो सीन लावला आणि आजीच्या हातात दिला.

"आजी, ये देखो, ये हमारे कोर्स में है. छोटे आजोबांचा सीन! बघ, दिवा मागे आहे ना, इसलिए सावली पुढे पडते. समझीं?"

नात आजीला शिकवत होती. आजीचीच विद्या, माझ्या नावाने. मी तिथेच होतो, चार फुटांवर, कपबशी घेऊन. तोंड उघडायला याहून चांगली वेळ कोणती होती? मी बशीत चहा ओतला.

वहिनीने चष्मा पुसला. सीन पूर्ण बघितला. मग म्हणाली, "तिसऱ्या उंबऱ्यावर घाई झाली."

केतकी हसली. म्हणाली, आजी, यावर लोकांनी पेपर लिहिलेत, कुणाला चूक सापडली नाही. वहिनी म्हणाली, "कंगवा थांबल्यावर अजून एक श्वास हवा होता. याने आपला श्वास मोजला." मग फोन परत देत म्हणाली, "चूक शिकू नकोस, बेटा. संध्याकाळी दाखवते."

हात भाजत होता म्हणून मी तिथे कोपर लवकर मारलं होतं. तो डाग मी आयुष्यभर शौर्यपदकासारखा मिरवला. साहेब अजून एकदा घेऊ म्हणत होते, आणि मी परफेक्ट म्हणालो होतो. साऱ्या दुनियेत हे कुणाच्या लक्षात आलं नाही. तिच्या आलं. मला काय झालं सांगू? शरम तर वाटलीच, पण त्याच्या आधी — विश्वास ठेवा — आनंद झाला. लहान पोरासारखा! वाटलं उठून ओरडावं, बघा, बघा, ही बाई कोण आहे!

ओरडलो नाही.

संध्याकाळी वहिनीने खुर्ची आतल्या खोलीत, गौरीच्या जागेशेजारी ठेवून घेतली. सगळे बल्ब बंद करायला लावले. इतक्या वर्षांनी! केतकीच्या आईच्या हातात सूप, केतकीच्या हातात तोच पितळी हातदिवा. अंधारातून वहिनीचा आवाज यायचा — खणखणीत, ऐंशी वर्षांच्या बाईचा म्हणून कुणी ओळखला नसता. "दिवा खाली. अजून खाली. आईच्या मागे राहा. तळहात आडवा. आता थांब." पहिला उंबरा. दुसरा उंबरा. सावली आमच्याकडे येत होती. तिसऱ्या उंबऱ्यावर केतकीचं पाऊल उचललं, आणि वहिनी म्हणाली, "नाही. अजून एक."

त्या एका श्वासात घर असं गप्प झालं की मला माझ्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली. बहिरा दादासुद्धा हसायचा थांबला. मग सावली उंबरा ओलांडून आली, आणि बायकांमधून तो आवाज निघाला — तोच, त्या थिएटरातला, पण पुरा. त्या दिवशी थिएटरात तो अर्धाच निघाला होता, हे मला आत्ता कळलं.

दिवे लागले. केतकीचा चेहरा लाल झाला होता. ती टाळ्या पिटत ओरडली, "आजी! हे तर अगदी छोटे आजोबांच्या सीनसारखं झालं!" सगळे हसले. सगळे माझ्याकडे वळले आणि टाळ्या वाजवू लागले. वहिनीही वाजवत होती.

आणि मी? मी हात जोडून, मान लववून, त्या टाळ्या घेतल्या.

म्हणून आज लिहितोय. बरुआसागरच्या किल्ल्यात रामदीन नावाचा चौकीदार कधीच नव्हता. तो दिवा, ती सावली, तो तळहात, उंबऱ्यावरचं ते थांबणं — सगळं सुमतीवहिनीचं आहे. त्यातली घाई तेवढी माझी.